उड्डाणाआधी पिटो नळीला टोपी घाला

मानवरहित विमानांच्या स्पर्धेच्या धावपट्टीवर वारा असतोच, आणि आर्डुप्लेन (विमान आपोआप उडवणारी प्रणाली) सुरू होताना एअरस्पीड सेन्सरचा, म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, शून्य तिथल्या तिथे ठरवते. त्या क्षणी सेकंदाला 5 मीटरचा वारा पिटो नळीत (समोरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत नेणारी नळी) समोरून शिरत असेल, तर साधारण 15 पास्कल दाब 'शून्य' धरला जातो. मग खरा वेग सेकंदाला 10 मीटर असताना पडद्यावर 8.7 दिसतो, विमान विनाकारण थ्रॉटल देतं, बॅटरी खातं, वळणं रुंद घेतं. वारा मागून असेल तर चूक उलटी, आणि ती जास्त वाईट: वेग आहे त्याहून जास्त दिसतो, विमान मंदावतं आणि स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली येतं.

म्हणून बॅटरी जोडण्याआधीच फोमची सैल टोपी चढवा. घट्ट नको, आत हवा दाबली जाते. सेन्सर तापायला मिनिटभर द्या, ग्राउंड स्टेशनवरून (जमिनीवरच्या नियंत्रण संगणकावरून) प्रीफ्लाइट कॅलिब्रेशन पुन्हा करा, म्हणजे शून्य नव्याने ठरवा, टोपी काढा आणि नळीसमोर हलकी फुंकर मारा (तोंड लावून नव्हे, सेन्सर जाईल). आकडा चढायलाच हवा. ढिम्म राहिला तर सिलिकॉनची नळी कुठेतरी मुडपली आहे, बहुधा पंखाच्या जोडाशी.

टोपीला लाल फीत बांधा. टोपी तशीच राहून विमान उडाल्याचे प्रकार कमी नाहीत.