नववीतली लेक व्हार्सिटीत: ऑगस्टआधीची तयारी

आठवी संपता संपता लेक हायस्कूलच्या कोचना भेटून येते आणि जेवताना मान वर न करता सांगते, ‘कोच म्हणाले, उन्हाळाभर नीट पळालीस तर कदाचित व्हार्सिटी.’ म्हणजे शाळेचा मुख्य संघ. आपण वरण वाढत असतो. डाव तिथेच थांबतो. तयारीची यादी त्या क्षणी सुरू होते, फक्त आपल्याला ते ऑगस्टमध्ये कळतं. खालची यादी न्यू जर्सीतली आणि क्रॉस कंट्रीची, म्हणजे गवता-मातीवरच्या लांब पळण्याच्या शर्यतींची आहे, कारण आमच्या घरी गेल्या वर्षी तेच घडलं. टेनिस किंवा सॉकरवाल्यांनी बूट बदलून वाचावी.

महाराष्ट्रात शाळेत खेळलेल्या आईबापांनी आधी डोक्यातून वयोगट काढून टाकायचे. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा चालतात. मी साताऱ्याला खो-खो खेळायचे तेव्हा मॅचपेक्षा जन्मदाखल्याच्या झेरॉक्सची जास्त धास्ती असायची. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी आणि शाळेचा पहिला संघ एकच, व्हार्सिटी. नववीतली चौदा वर्षांची फ्रेशमन आणि मतदानाच्या वयाला टेकलेली बारावीतली सीनियर एकाच रेषेवर उभ्या राहतात. खाली जेव्ही, म्हणजे ज्युनियर व्हार्सिटी, काही शाळांत त्याहून खाली फ्रेशमन संघ. अंगावर अंग आदळणाऱ्या खेळांत नववीचं पोर वर घ्यायला कोच कचरतात. पळण्यात घड्याळच बोलतं, त्यामुळे नववीतल्या मुली सर्रास वर जातात. बास्केटबॉलवाला लेब्रॉन जेम्स नववीतच ॲक्रनच्या शाळेच्या मुख्य संघात खेळला आणि त्या १९९९-२००० च्या मोसमात त्यांचा संघ २७ पैकी २७ सामने जिंकला, हे कोणीतरी काका तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवणारच. अंगठा दाखवून पुढे जायचं.

पहिलं काम विमानाच्या तिकिटांचं. फॉलच्या, म्हणजे पानगळीच्या मोसमातल्या खेळांचा सराव शाळा उघडायच्या आधी, ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतो. नेमके तेव्हाच आपण भारतात कोणाच्या तरी घरी पुरणपोळी खात असतो. मी परतीचं तिकीट सव्वीस ऑगस्टचं काढलं होतं, ते बदलायला जे पैसे गेले त्यात दोन जोड बूट आले असते. सरावाच्या पहिल्या दिवसाआधी किमान आठवडाभर परत यायचं. जेटलॅग हे एक कारण, आणि उकाड्यात पळायची सवय अंगाला हळूहळूच लागते हे दुसरं. भारतात असताना पळणं सोडायचं नाही. आमची यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळायची. पावसाची झड, मागे स्कूटरवर मामा, त्याच्या खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं.

दुसरं काम कागदपत्रांचं, आणि इथे जरा वेळ काढून बसायचं. वैद्यकीय तपासणी सरावाच्या पहिल्या दिवसाच्या आधीच्या ३६५ दिवसांतली लागते. ती ९० दिवसांहून जुनी असेल तर तब्येतीच्या माहितीचा आणखी एक फॉर्म आपण भरून द्यायचा. तपासणी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच करून घ्यायची. न्यू जर्सीत फॉर्मवर सही करणाऱ्याने हृदयतपासणीचं एक ठरावीक प्रशिक्षण पुरं केलेलं असावं लागतं, त्यामुळे कोल्हापूरच्या डॉक्टर आत्याची सही, ती कितीही मोठी हृदयरोगतज्ज्ञ असली तरी, उपयोगाची नाही. मेमध्येच अपॉइंटमेंट घ्यावी. जुलैत फोन केलात तर सप्टेंबरची तारीख मिळते आणि शाळेच्या डॉक्टरांची मंजुरी येईपर्यंत पोरगी कुंपणाबाहेर उभी.

त्या फॉर्मात घरातलं कोणी लहान वयात हृदयविकाराने किंवा अचानक गेलं का, असा प्रश्न असतो. तिथे आपण सवयीने ‘नाही’वर खूण करून मोकळे होतो. तसं करू नका. आमच्याकडे एक चुलत आजेसासरे ‘विहिरीवर गेले ते गेलेच’ एवढ्यावर चाळीस वर्षं भागलं होतं. सासूबाईंना फोन करून वय विचारलं तर चौतीस. मग ईसीजी, मग इको, सगळं नॉर्मल निघालं आणि आठ दिवस हातचे गेले. तरीही मी पुन्हा तसंच करीन. भारतातल्या थोरल्यांना प्रत्येकाबद्दल नाव, वय आणि ‘नेमकं काय झालं होतं’ असं खोदून विचारायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

डोक्याला मार लागल्यास काय, अचानक हृदय बंद पडणं म्हणजे काय, उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीला संमती, असे आणखी कागद येतात. सगळ्यांवर आईबाप आणि मूल दोघांच्या सह्या लागतात. दमा असेल तर इनहेलर स्वतःजवळ ठेवायची लेखी परवानगी वेगळी. ही शेवटच्या मिनिटाला मिळत नाही.

बूट. रोजच्या सरावाचे एक जोड आणि शर्यतीचे तळाला खिळे असलेले हलके स्पाइक्स एक जोड. सरावाचे बूट तीनशे ते पाचशे मैलांत दमतात, वरून छान दिसले तरी. नवे बूट शर्यतीच्या आठवड्यात काढायचे नाहीत. कॉस्टकोतले ‘हेही रनिंगचेच आहेत की’ हे वाक्य आमच्या घरी एकदा बोललं गेलं, कोण बोललं ते सांगत नाही.

पिशवीत काय असावं ते मी आता डोळे मिटून भरते. स्पाइक्स, त्यांचे चार जादा खिळे आणि ती बोटभर किल्ली. मोज्यांचे तीन जोड, कारण गवतावर दव असतं आणि ओल्या मोज्यांत दिवस काढला की टाचा सोलवटतात. बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, लावायला सेफ्टी पिना. इथे आपली परंपरा कामी येते, माझ्या बांगड्यांत दोन कायमच्या असतात. पाऊस असो-नसो एक मोठी कचऱ्याची पिशवी, ओल्या जमिनीवर बसायला. सॅनिटरी पॅड आणि गडद रंगाची जादा शॉर्ट्स, तारीख लांब असली तरी. चौदाव्या वर्षी तारखांवर कोणी विसंबायचं नसतं, आणि पार्कातल्या प्लॅस्टिकच्या संडासाबाहेर चाळीस मुलींच्या रांगेत उभं राहून आईला फोन करणं हा अनुभव टाळता येण्यासारखा आहे.

आता डबा. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी संघाची पास्ता पार्टी असते. घर शाकाहारी असेल तर मुलीला सांगून ठेवा की नुसता पास्ता आणि पाव खाऊन येऊ नकोस, आणि यजमान आईला दोन दिवस आधी एक ओळ पाठवा. त्या आनंदाने वेगळा सॉस करतात, फक्त त्यांना माहीत नसतं. शर्यतीच्या सकाळी नवीन काही नाही. आमच्याकडे दोन तास आधी केळं आणि गूळ-तूप लावलेली पोळी, शर्यतीनंतर दशम्या आणि दाण्याचे लाडू. लाडू पंधरा न्यायचे, दोन तिच्या वाट्याला येतात.

लोहाचं मात्र विनोदावारी नेऊ नका. वाढीचं वय, पाळी आणि आठवड्याला तीस मैल, त्यात मांसाहार नाही, असं सगळं एकत्र आलं की शरीरातला लोहाचा साठा खाली जातो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि तरी मुलगी दुसऱ्या मैलाला गळपटते. डॉक्टरांकडे फेरिटिनची, म्हणजे या साठ्याची, रक्ततपासणी मागून घ्यायची. गोळ्या मनाने सुरू करायच्या नाहीत. डाळी-उसळींवर लिंबू पिळायचं, अळिवाचे लाडू चालू ठेवायचे आणि जेवणाला लागून चहा द्यायचा नाही. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ‘पळते ना, होतं असं’ म्हणून सोडून न देता दाखवायचं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ती पळते तेवढं खात नाही असा निघतो. आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ज्या काकू ‘अगं, किती वाळलीस, छान दिसतेस’ म्हणतील त्यांच्या आणि मुलीच्या मध्ये आपण उभं राहायचं. हेही यादीतलंच काम आहे.

गणपतीवरून आठवलं. शनिवारी मीट, म्हणजे शर्यती, रविवारी मराठी शाळा, मध्ये कधीतरी नाच आणि अभ्यास. कॅलेंडर ऑगस्टमध्येच समोर ठेवून काय सुटणार ते ठरवा. आमचा नाच नोव्हेंबरपर्यंत सुटला. गुरूंना आधीच सांगितलं होतं म्हणून राग आला नाही, निदान दाखवला नाही.

सीनियरच्या गाडीतून येणं-जाणं हा विषय पहिल्या आठवड्यातच निघतो. नंबरप्लेटवर लाल स्टिकर असलेली मुलं प्रोबेशनरी लायसन्सवर असतात. त्यांचे आईबाप किंवा पालक सोबत नसतील तर त्यांना गाडीत एकच प्रवासी घेता येतो. चार मुली मागे कोंबून आइस्क्रीमला जाणं नियमातही बसत नाही आणि आपल्या छातीतही. ‘कायदाच आहे’ असं सांगता येतं, मुलीलाही नाही म्हणायला तेवढंच निमित्त पुरतं.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीची चर्चा नववीत घरात आणायची नाही. कॉलेजच्या खेळांतल्या वरच्या डिव्हिजनचे, म्हणजे वरच्या गटाचे, कोच बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी तसंही बोलू शकत नाहीत. एवढंच ध्यानात असू द्या की त्यांच्या पात्रतेसाठी जे सोळा मुख्य विषय मोजले जातात त्यांची मोजणी नववीपासूनच सुरू होते.

उरलं ते काम सगळ्यात अवघड, आणि त्यात मी सपशेल नापास झाले. क्रॉस कंट्रीत व्हार्सिटीच्या शर्यतीला संघाच्या सात मुली उतरतात. पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज होते, ज्याची कमी तो संघ जिंकतो. सहावी आणि सातवी मोजल्या जात नाहीत, पण समोरच्या संघाच्या मुलींना मागे ढकलतात. म्हणजे जागा सातच. नववीतली मुलगी सातवी आली की कोणीतरी आठवी होते, आणि ती आठवी बहुतेक वेळा तीन वर्षं घाम गाळलेली, शेवटचा मोसम खेळणारी सीनियर असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या मीटमध्ये लेक संघात सातवी आली तेव्हा मी दोरीपाशी ‘सातवी, सातवी’ म्हणून मराठीत ओरडत नाचले. शेजारच्या बाईंना शब्द कळायचं कारण नव्हतं. त्यांनी घडीची खुर्ची मिटली, पाण्याची बाटली उचलली आणि तंबूच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. आठवी आलेली त्यांची होती.

तेव्हा मुलीला आधीच सांगा: जागा मिळाली तर आनंद घरी करायचा. फ्रेशमनने तंबू वाहायचा, पाण्याचा मोठा कूलर वाहायचा, व्हार्सिटीत असली तरी. सीनियर नाइटला, म्हणजे बारावीतल्या मुलींच्या निरोपाच्या कार्यक्रमाला, फुलं धरून उभं राहायचं. मात्र कामं करणं वेगळं आणि छळ सोसणं वेगळं. कूलर सगळ्या फ्रेशमन उचलतात. एकटीलाच उचलायला लावला, जेवताना बाक सरकवला, ग्रुपमधून काढलं, तर ते लगेच घरी सांगायचं. शाळेला लेखी तक्रार घ्यावी लागते, न्यू जर्सीत २०११ पासून त्याचा कडक कायदा आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही. त्या सीनियर मुलीने तीन आठवडे लेकीशी कामापुरतं बोलणं ठेवलं. त्याला छळ म्हणायचं नाही. तिला तेवढा हक्क होता.

आणि आपल्यासाठी: जागा कोणाला मिळाली यावरून कोचला त्याच दिवशी मेल लिहायची नाही. लिहायची झालीच तर दुसऱ्या दिवशी. तीही आधी मुलीने स्वतः जाऊन विचारल्यानंतर.

नोव्हेंबरात होल्मडेल पार्कला जायचं झालं तर जाड कोट घ्या. राज्याच्या शर्यती तिथे होतात. शेवटच्या रेषेपाशी गर्दी असते, तिथे उभं राहू नका. ‘बोल’ म्हणतात त्या वाडग्यासारख्या खोलगट चढणीच्या माथ्यावर उभं राहा. तिथे मुली वर येताना चेहरे ओळखू येत नाहीत इतके बदललेले असतात, आणि नेमकं तिथेच नाव ऐकू येणं बरं असतं. मुलीला बसऐवजी आपल्या गाडीतून न्यायचं असेल तर कोचच्या कागदावर सही करायला विसरू नका. गाडीत शर्यतीबद्दलचा पहिला प्रश्न आपण विचारायचा नाही. आम्ही पार्कवेवर, म्हणजे हायवेवर, वीस मिनिटं गप्प होतो. ड्रिस्कॉल पूल आला तेव्हा मागून आवाज आला, ‘आई, दशमी उरलीय का?’