लॉनची कड: पेट्रोल एजर कधी आणि कसा चालवायचा

पावसाळा ओसरला की सोसायटीच्या लॉनचं गवत पेव्हर ब्लॉकवर चढलेलं असतं. सरळ कड काढायला पेट्रोल एजर (उभं पातं फिरवून लॉनची कड कापणारं मशीन) उत्तम, पण इंजिनाच्या जोरापेक्षा जमिनीचा वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल, महत्त्वाचा. पुण्याची काळी माती ओली असली की गार्डमध्ये लिंपून बसते आणि पातं अडकतं. एप्रिलमध्ये तीच माती विटेसारखी होते आणि पातं उसळतं. मूठभर माती दाबल्यावर ढेकूळ व्हावं आणि बोटाने टोचल्यावर ते फुटावं, असा दिवस निवडा. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी कडेला पाणी द्या.

बऱ्याच ठिकाणी माळीकाका ग्रास कटरचं लोखंडी पातं उभं धरून कड मारतात. हे आधी थांबवा. दांडा असा फिरवला की गार्ड भलत्याच बाजूला जातो, आणि पातं ब्लॉकला लागलं तर दांडा हिसका देतो. आपल्या मशीनला बसत असेल तर एजरचं अटॅचमेंट घ्या. त्याला खोली ठरवणारं चाक आणि पात्यावर स्वतंत्र गार्ड असतो.

काम सुरू करण्याआधी कडेने चालत जाऊन दगड, खिळे, तारा उचला. ठिबकच्या नळ्या आणि गार्डन लाइटच्या वायरी कुठून गेल्यात ते इलेक्ट्रिशियनला विचारा आणि चुन्याने आखून घ्या. या वायरी कित्येकदा दोन-तीन इंचांवरच पुरलेल्या असतात. पाषाण-बावधनकडे टेकडीच्या अंगाला जमिनीत मुरूम असतो, तिथे खडे उडणारच. गाड्या हलवा, 15 मीटरच्या आत कोणालाही येऊ देऊ नका. गॉगल, इअरमफ, फुल पँट आणि जाड बूट हवेतच.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल), 25:1 असेल तर 40 मिली. मापानेच घाला. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल, ऑइल वेगळं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून त्या कामापुरतंच मिश्रण करा. पेट्रोल भरल्या जागेपासून तीन मीटर लांब जाऊन मशीन सुरू करा.

थंड इंजिनाला प्राइमर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढणारा रबरी फुगा) सात-आठदा दाबा, चोक लावा आणि दोरी ओढा. पहिला फट् असा आवाज आला की चोक काढून पुन्हा ओढा. आता ॲक्सिलरेटर सोडून पात्याकडे बघा: आयडलिंगला ते फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल स्क्रू कमी करा. तरीही थांबलं नाही तर क्लचची स्प्रिंग गेलेली असू शकते. ती बदलेपर्यंत मशीन वापरू नका.

पहिल्या फेरीत खोली अर्ध्या इंचावर ठेवा. पातं हवेत असतानाच पूर्ण वेग द्या, मग हळूहळू मातीत उतरवा. चाक ब्लॉकवर टेकवून सावकाश चाला, पातं ब्लॉकपासून बोटभर लांब राहू द्या. ठिणग्या दिसल्या तर ते घासतंय. इंजिनाचा आवाज दबला तर खोली जास्त आहे; जोर लावू नका, पातं वर घ्या. दुसऱ्या फेरीत एक ते दीड इंच पुरे. एकाच दमात दोन इंच गेलात तर कड फाटते आणि गवताची मुळं उपटून निघतात. वळणावर थोडं थोडं कापा.

पातं अडकलं तर इंजिन बंद करा, पातं थांबू द्या, स्पार्क प्लगची कॅप काढा, मगच हात घाला. काम चालू असताना एकाएकी थरथर वाढली तर पातं वाकलंय किंवा नट सैल झालाय. पातं वाकलं असेल तर ठोकून सरळ करू नका, नवं टाका.

निघालेली पट्टी खुरप्याने लगेच उचला. हरळीचे तुकडे मातीवर राहिले तर पुन्हा रुजतात. मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.