लंडनला गार्ड बदलताना बघायचंय? मग गेटला चिकटू नका

घरचे लंडनला आले की बकिंगहॅम पॅलेसचं चेंजिंग ऑफ द गार्ड लिस्टमधे असतंच. मी आत्तापर्यंत पाच वेळा पाहुण्यांना घेऊन गेलोय आणि त्यातल्या पहिल्या दोन वेळा फक्त समोरच्यांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाईल बघून परत आलोय.

आधी वार बघा. साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असतं, पण आदल्या रात्री साईटवर तारीख चेक कराच. मी एकदा मंगळवारी घेऊन गेलो, तर काकू म्हणाल्या, "दोन शिपाई नुसते उभेत, ह्याच्यासाठी साडी नेसून आले होय मी?" जोराचा पाऊस असला तर ऐनवेळी कॅन्सल पण होतं. तिकीट वगैरे काही नाही, फुकट आहे, ऑनलाईन जे विकतात ती गाईडची टूर असते.

आता उभं कुठे राहायचं. मेन कार्यक्रम 11 वाजता पॅलेसच्या आवारात, आणि गेटपाशी जागा पाहिजे तर तासभर आधी तरी पोचावं लागतं, एवढं करून आतलं निम्मं दिसतच नाही. त्यापेक्षा साडेदहाच्या सुमाराला बर्डकेज वॉक नावाच्या रस्त्यावर वेलिंग्टन बॅरॅक्सच्या (शिपायांच्या बराकीच्या) रेलिंगला जाऊन उभे रहा. नवीन गार्ड, म्हणजे ड्यूटीवर येणारी तुकडी, तिथूनच निघतो, आधी त्यांचं इन्स्पेक्शन होतं, बँड वाजतो, आणि हे सगळं इतकं जवळून की त्या अस्वलाच्या केसांच्या टोपीची साखळी हनुवटीखाली नसून खालच्या ओठाखाली असते हे पण दिसतं. मग ते निघाले की बँडच्या मागोमाग चालत पॅलेसपर्यंत जायचं.

तिथे शिपायांच्या कोटाची बटणं मोजा, त्यावरून रेजिमेंट ओळखता येते, मुलांना जाम आवडतं. एकेक सुटं बटण म्हणजे ग्रेनेडियर, दोन-दोनच्या जोड्या कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. थंडीत मात्र लाल कोटावर राखाडी ओव्हरकोट चढतो, फोटोची मजा जाते. झेंडा पण बघून ठेवा, युनियन जॅक फडकत असेल तर राजेसाहेब घरी नाहीत.

पावणेबाराला संपलं की सेंट जेम्स पार्कात बाकावर बसून डबा खायचा, तिथे तळ्यात पेलिकन आहेत. टॉयलेटला जायचं असेल तर सकाळीच व्हिक्टोरिया स्टेशनवर उरकून घ्या.

मग 4 वाजता पार्काच्या पलीकडे हॉर्स गार्ड्सला, म्हणजे घोडेस्वार पहारेकऱ्यांच्या ठिकाणी, चला, मला विचाराल तर ज्येष्ठांना घेऊन हेच बरं, गर्दी कमी पडते. म्हणे 1894 साली व्हिक्टोरिया राणी अचानक आली तर पहारेकरी दारू पीत जुगार खेळत बसलेले, तिने शिक्षा दिली की 100 वर्षं रोज 4 वाजता इन्स्पेक्शन. 1994 ला शिक्षा संपली, पण इन्स्पेक्शन चालूच! घोड्यांची खरी गार्ड बदली तिथे 11 ला असते, रविवारी 10 ला.

घोड्यावर बसलेल्या शिपायाशेजारी फोटो काढा, पण लगामाला हात लावू नका. घोडा लाथ मारेल किंवा चावेल असा बोर्ड तिथेच लावलाय आणि तो शोभेचा नाही.