शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर काय करावे

विदर्भातील खेड्यात घराला घर लागून असते, त्यामुळे रात्री कोणाकडे आरडाओरड झाली हे सकाळी वावरात निघण्यापूर्वीच साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. तरीही "नवरा-बायकोचा मामला आहे, परक्याने मध्ये पडू नये" असे म्हणून सगळे गप्प बसतात. कायद्याला हा समज मान्य नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 नुसार शेजारी, आशाताई किंवा अन्य कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली पीडित महिलेच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) माहिती देऊ शकतो आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

जीवाला धोका असेल तर तत्काळ 112 वर फोन करावा. एरवी मात्र पहिले काम तक्रारीचे नाही. कापूस वेचताना किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर मार सोसणारी बाई एकटी भेटेल अशी वेळ पाहावी, तिचे ऐकून घ्यावे आणि "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. तिला न विचारता सासरच्यांना जाब विचारायला जाऊ नये, कारण त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो.

"दारू सुटली की मारणेही सुटेल" या आशेवर अनेकींची वर्षे जातात. परंतु जो माणूस पिऊन आल्यावर पोलीस पाटलापुढे हात जोडतो आणि घरी बायकोवर हात उचलतो, त्याला समोर कोण आहे हे पुरते कळत असते. शिवाय हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे: मुलगा होत नाही म्हणून हिणवणे, वेचणीची मजुरी काढून घेणे, स्त्रीधन परस्पर विकणे हेही याच कायद्यात बसते.

घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला हक्क नाही, हा समजही चुकीचा आहे. ते सामायिक निवासस्थान, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेले घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. ती माहेरी आली असेल तर तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो आणि तालुका विधी सेवा समितीकडून, उत्पन्न कितीही असले तरी, तिला विनामूल्य वकील मिळतो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला आधीच सांगावे. तंटामुक्ती समितीपुढे समझोता झाला, तरी त्या कागदाने तिचा न्यायालयात जाण्याचा हक्क संपत नाही.

दवाखान्यात "पाय घसरून पडले" असे न सांगता खरे कारण नोंदवून घेण्यास तिला धीर द्यावा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स प्रती विश्वासातल्या बाईकडे ठेवाव्यात, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्यावा. मोबाइलमध्ये साठवू नये, कारण अनेक घरांत तो नवऱ्याच्याच हाती असतो.