जुन्या देवळाचा सभामंडप गावाच्या वापरात ठेवायचा, तर आधी ओल हटवा

जीर्णोद्धार म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: जुनं पाडून स्लॅब टाकणं, नाहीतर आहे त्यावर फरशी आणि ऑइलपेंट चढवणं. दोन्हींत देऊळ हातचं जातं. भजन, वाचनालय, ग्रामसभा, पावसाळ्यातला आसरा हे सगळं जुन्या सभामंडपात आणि ओवऱ्यांत उत्तम चालतं. मात्र वास्तू कोरडी राहायला हवी.

काम काढण्याआधी देऊळ केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे का, ते पाहा. असेल तर खात्याला विचारल्याशिवाय खिळाही मारता येत नाही. शेजारचं स्मारक केंद्र संरक्षित असलं, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मग प्रत्येक भिंतीचे फोटो आणि मापं घ्या. भेगेवर चुन्यात काचपट्टी बसवून तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली, तर भेग जुनी आहे, नुसती भरून घ्या. तडकली, तर भिंत अजून हलतेय, पाया सरकत असू शकतो. अशा वेळी गिलावा करून काहीच साधत नाही, जाणकार अभियंत्याला दाखवा.

ओल शोधताना वरून खाली या. शिखरावरचा पिंपळ-उंबर उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतात. बुंध्यापाशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मुळं सुकू द्या आणि पोकळीत पातळ चुना भरा. छताच्या पन्हळी मोकळ्या करा. शेवटी जोत्याकडे बघा. वर्षानुवर्षं भर पडून अंगण जोत्याएवढं उंच झालेलं असतं, वर सिमेंटचा कोबा केलेला असतो. पावसाचं पाणी कोब्याखाली शिरतं, त्याला बाहेर निघायला भिंतीशिवाय वाट उरत नाही. कोबा काढा, अंगण मूळ पातळीला आणा आणि भिंतीपासून दूर उतरता, दर मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ द्या. या एका कामानं बरीच ओल जाते. ते करण्याआधी रंगावर पैसे घालू नका.

सिमेंट नको, कारण ते जुन्या दगड-विटांपेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. दरजेतून, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यातून, निघणारी ओल मग दगड-विटांतून निघते, पृष्ठभागाखाली क्षार साठतात आणि पापुद्रे सुटतात. विटांच्या शिखराला आणि कोकणातल्या जांभ्याला याचा फटका सर्वांत आधी बसतो.

चुना असा करा. कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात टाका. चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरला की चाळून हौदात पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवा, महिनाभर ठेवलात तर आणखी चांगलं. लोण्यासारखा झाला की एक भाग चुना, एक भाग मंद भाजलेल्या विटांची सुरखी (भुकटी) आणि दीड भाग धुतलेली वाळू चुन्याच्या घाणीत मळा. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यातूनही क्षार येतात. गूळ, बेलफळाचं पाणी घालायची रीत आहे. ते किती घालायचं, हे आधी हातभर तुकड्यावर करून पाहून ठरवा. दरजेतलं सुटलेलं सिमेंट छिन्नीनं हातानं काढा. ग्राइंडरनं दगडाच्या कडा जातात. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल साफ करा, पाणी मारा, चुना दाबून भरा. गिलावा असेल तर एक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. वर ओलं गोणपाट दहा ते चौदा दिवस. ते करायचं राहून गेलं की चुना भुसभुशीत होतो, आणि दोष चुन्याला जातो. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ या कामाला बरा.

हेमाडपंती देवळाची गोष्ट वेगळी. तिथले दगड चुन्याशिवाय नुसत्या खाचांनी आणि वजनानं बसवलेले असतात. त्या सांध्यांत काहीही भरू नका.

ऑइलपेंट काढायला सँडब्लास्टिंग कधीच नको, कोरीवकाम झिजतं. रंग काढायचं रसायन आधी आडबाजूच्या तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा, मग नायलॉनचा ब्रश आणि बांबूच्या काड्या वापरा. आतल्या भिंतीवर सफेदीखाली चित्रं असू शकतात. तिथे हात लावण्याआधी चित्रसंवर्धकाला बोलवा.

सागवानी खांबाचा बुंधाच कुजला असेल, तर अख्खा खांब बदलायची गरज नाही. वरचा भार जॅकवर आणि टेकूंवर घ्या, कुजका भाग काढा आणि जुन्या कोरड्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट धरा.

वापर सुरू झाला की महाप्रसादाची चूल सभामंडपात लावू नका, तिच्यासाठी वेगळी शेड हवी. वाचनालयाची कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. छतावर पाण्याची टाकी नको आणि शोषखड्डा जोत्याजवळ नको. ओवरी संस्थेला भाड्यानं देताना करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्याच करारात वैशाखअखेर पन्हळी साफ करणं आणि पहिल्या मोठ्या पावसात छत फिरून पाहणं कोणाच्या अंगावर आहे, तेही लिहून घ्या.