जुना पियानो घेताना नाव सगळ्यात शेवटी वाचा

मंगळवार पेठेत वडिलांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. तिथं सूर घासता घासता माझा कान तयार झाला. पियानोचं काम नंतर मुंबईत एका म्हाताऱ्या ट्यूनरकाकांच्या हाताखाली शिकले. आज २६ वर्षं झाली, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथून बोलावणं येईल तिथं पान्हा घेऊन जाते. फोनवर बहुतेकांचा एकच प्रश्न असतो : "ताई, शंभर-सव्वाशे वर्षांचा पियानो मिळतोय, वर जर्मन नाव आहे, घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं : नाव राहू द्या, आधी पुढची फळी काढा.

बघायला जायचं ते एप्रिल-मे महिन्यात. जुलैत जाऊ नका. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि तारा गुंडाळलेल्या, सैल झालेल्या खुंट्यासुद्धा घट्ट धरून ठेवतं. पावसाळ्यात ठीक वाटलेला पियानो उन्हाळ्यात महिन्याभरात सुरातून उतरतो. सोबत टॉर्च, छोटा आरसा, दोरा आणि फोनमध्ये सूर दाखवणारं ट्यूनर ॲप एवढं पुरे.

उभ्या पियानोचं वरचं झाकण उचललं की आत दोन्ही बाजूंना लाकडी अडसर दिसतात. ते फिरवले की पुढची फळी हातात येते. खालची फळी पट्ट्यांखालच्या एका स्प्रिंगवर अडकलेली असते, ती वर दाबली की सुटते. खालची फळी काढायला कंटाळू नका. कोल्हापुरातल्या शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नदीकडच्या गल्ल्या इथला पियानो असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ चं पुराचं पाणी त्यात शिरलं होतं का, हे तिथंच कळतं. बाहेरून पॉलिश मारता येतं, पण तळाच्या कोपऱ्यातला गाळ आणि पेडलच्या दांड्यांवरचा गंज सहसा कुणी पुसत नाही. पाण्याची रेघ दिसली तर तिथूनच नमस्कार करून परत या.

मग तारा कशावर ताणल्यात ते बघा. एकोणिसाव्या शतकातल्या पियानोची सगळी कहाणी या ताणाची आहे. मोठा आवाज हवा तर तार जाड हवी आणि जास्त ओढलेली हवी. लाकडी सांगाडा तो ओढा किती सोसणार? बॉस्टनमध्ये आल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये एकसंध बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीचं पेटंट घेतलं, ते या कारणासाठी. १८४३ मध्ये जोनास चिकरिंगने तीच कल्पना ग्रँड, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोत आणली. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेल्या आणि त्याचं पेटंट घेतलं. एका तारेवर साधारण ७०-८० किलो ताण आणि तारा सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे सोळा ते अठरा टन. कारखान्याच्या काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकमधला ऊस डोळ्यांसमोर आणा. तेवढा भार तुमच्या सोप्यात, भिंतीला टेकून, वर्षानुवर्षं आवाज न करता उभा असतो.

म्हणून टॉर्च मारून पाहा : बिडाची चौकट वरपासून खालपर्यंत आहे, अर्धीच आहे, की नुसत्या लोखंडी पट्ट्या आहेत? तारा सरळ उभ्या आहेत की एकमेकींवरून जातात? पूर्ण चौकट आणि तिरप्या तारा असतील तर रोज वाजवायला घ्या. लाकडी सांगाडा आणि सरळ तारा असतील तर तो हलक्या ताणाचा पियानो आहे. त्याचा आवाज लहान आणि मोकळा असतो, मला स्वतःला फार आवडतो, पण मुलाच्या परीक्षेच्या तयारीसाठी तो घेऊ नका.

आता खुंट्या. इथं घाई करू नका. खुंट्या बिडात नसतात, त्यामागच्या लाकडी फळीत ठोकलेल्या असतात. चांगले कारखानदार ही फळी बीच किंवा मेपलच्या थरांची करत, एका थराचे रेषे आडवे तर पुढच्याचे उभे, म्हणजे फाटायला वाट मिळू नये. ती फळी गेली तर पियानो गेला. खुंट्यांच्या रांगेकडे बाजूने पाहा. काही खुंट्या आत ठोकलेल्या, काही जाड बदललेल्या, काहींच्या भोवती पुठ्ठा किंवा पॉलिशपेपर कोंबलेला दिसला तर समजा, आधीच कुणीतरी हार खाल्ली आहे. मधल्या पट्ट्या एकेक करून दाबा. एका पट्टीला तीन तारा असतात, त्या तिघी एकच सूर बोलायला हव्यात. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल तर घाबरू नका, तो फक्त बरीच वर्षं न लावलेला आहे. पण मधल्याच पाच-सहा पट्ट्या भेसूर आणि शेजारच्या बऱ्या असतील, तर त्या जागी फळी तडकलेली असण्याची शक्यता मोठी.

हे मी एका घरात शिकले. कामाला लागून चारच वर्षं झाली होती. सरळ तारांचा इंग्लिश पियानो, जवळजवळ पाऊण सूर उतरलेला. घरच्यांना दुसऱ्याच दिवशी साखरपुड्याला वाजवायचा होता. मी एका दुपारीत तो ४४० वर, म्हणजे आजच्या ठरलेल्या सुराच्या पातळीवर, चढवायला घेतला. वरच्या सप्तकातल्या दोन तारा तुटल्या, तरी थांबले नाही. संध्याकाळी आतून आवाज आला, वाळलेली काठी गुडघ्यावर मोडावी तसा. अकरा खुंट्या पान्ह्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरू लागल्या. घरातल्या आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "आता कधीच लागणार नाही का गं?" त्या पियानोवर त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. तेव्हापासून जुना पियानो मी एका दिवसात चढवत नाही, कुणी कितीही पैसे देवोत.

साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज घुमवणारी फळी, मागून दिसतो. स्प्रूस लाकडाची पातळ फळी, पाठीमागे लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या. तिला तडे असले म्हणून सौदा मोडू नका. मिरजेचा कारागीर सतारीचा भोपळा बोटाने वाजवून बघतो, तसं बोटाच्या पेराने ठोका. घुमला तर ठीक, फडफडला तर मागची पट्टी सरस सोडून सुटली आहे. शक्य असेल तिथं पट्टीलगत दोरा ताणून धरा, मध्ये थोडी फट दिसली पाहिजे. फळीला तारांच्या दिशेने तेवढा फुगवटा मुद्दाम ठेवलेला असतो.

तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर लोकरीचा फेल्ट, म्हणजे दाबून केलेला नमदा, असतो. पूर्वी चामडं लावत, पॅरिसच्या आंरी पाप नावाच्या पियानो कारागिराने १८२६ मध्ये फेल्टचं पेटंट घेतलं. लोकर म्हटली की कसर आलीच. फेल्टवर बारीक खळगे आणि पट्ट्यांखाली भुशासारखी पूड दिसली तर खर्च धरून चाला. तारांच्या खोल खाचा पडल्या असतील तर एक-दोनदा घासून गोलाई परत आणता येते. हातोड्यांमागे चामड्याच्या टोकाच्या कापडी फिती दिसतील. उभ्या पियानोतली ही युक्ती लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमच्या नावावर आहे. त्या तुटलेल्या असतात, पण स्वस्तात नव्या बसतात. जड चालणाऱ्या पट्ट्यांत कुणी खोबरेल सोडलं असेल तर मात्र वास येतोच. ते तेल लाकडात मुरतं आणि काही केल्या जात नाही.

ग्रँड असेल तर एक पट्टी दाबा, अर्धीच वर येऊ द्या, पुन्हा दाबा. सूर परत वाजला पाहिजे. सेबास्टियन एरारने १८२१ मध्ये केलेली ही करामत आजही ग्रँडमध्ये तशीच चालते.

पांढऱ्या पट्टीवर आडवी बारीक सांध आणि आत केसासारख्या रेषा दिसल्या तर ते हस्तिदंत आहे. वन्यजीव कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. वनविभागाकडून लेखी खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. उष्ण देशांसाठी केलेल्या पियानोत पट्टीच्या कातडीला सरसाबरोबर बारीक पिनाही मारलेल्या असतात आणि सांध्यांना पितळी स्क्रू. आपल्या हवेत सरस सुटतो हे त्या लोकांना ठाऊक होतं. असे स्क्रू दिसले की मला बरं वाटतं.

आता नाव वाचा. झाकणावरचं सोनेरी नाव कधी कारखान्याचं असतं, कधी नुसतं विकणाऱ्या दुकानाचं. बिडात ओतलेलं नाव जास्त भरवशाचं. पदकांची चित्रं असतील तर त्यातलं सगळ्यात अलीकडचं साल शोधा, पियानो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. लंडन १८५१, पॅरिस १८६७ अशी प्रदर्शनं कारखानदारांना फार मोलाची वाटत. १८६७ ला स्टाइनवे आणि चिकरिंग या दोन्ही अमेरिकन घरांना सुवर्णपदक मिळालं आणि युरोपातले कारखानदार बिडाच्या चौकटीकडे नव्या नजरेने बघू लागले. व्हिएन्नाच्या बोझेनडॉर्फरचं नाव १८२८ पासूनचं. पियानोवादक लिझ्टच्या हाताखाली इतर पियानो मोडायचे आणि यांचा टिकला, म्हणून ते घर वर आलं असं सांगतात. बर्लिनचा बेखश्टाइन, लाइपझिगचा ब्ल्यूथनर आणि न्यूयॉर्कचा स्टाइनवे, तिन्ही १८५३ चे. ब्ल्यूथनरच्या ग्रँडमध्ये वरच्या सुरांना हातोडी न लागणारी चौथी तार मिळाली तर हात लावून बघा. १८७३ चं पेटंट आहे, आणि काम तेच, जे सतारीत तरफेच्या तारा करतात.

घरी आणल्यावर पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लावू नका, आपला पाऊस तिकडूनच मारतो. आतल्या भिंतीला, चार बोटं अंतर सोडून ठेवा आणि दोन महिने हात लावू नका. मग पहिल्यांदा लावताना अर्धा सूर खालीच ठेवा. म्हणजे पांढरी सहा दाबली की काळी चारचा सूर येईल. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर पेटीवाल्याला एक पट्टी खाली सरकायला सांगा, त्याला सवय असते. सहा महिन्यांनी खुंट्या धरून राहिल्या तर थोडं वर, पुढच्या उन्हाळ्यानंतर आणखी थोडं. कुठं थांबायचं ते तुमचा ट्यूनर पान्ह्याच्या दांडीतून हाताला लागणाऱ्या धरावरून ठरवेल, फोनच्या आकड्यावरून नाही.