एकपेशीय भ्रूणातील ध्रुवता कशी पाहावी आणि कशी वाचावी

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीचे फलित अंडे सुमारे ५० मायक्रोमीटर लांब असते आणि त्याचे पहिलेच विभाजन असमान होते: पुढची ‘एबी’ पेशी मोठी, मागची ‘पी१’ लहान. या असमानतेच्या मुळाशी ध्रुवता, म्हणजे पेशीच्या दोन टोकांमधला फरक, आहे आणि ती ‘पार’ नावाची प्रथिने घडवतात. त्यांची जनुके केनेथ केम्फ्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उत्परिवर्तित भ्रूणांवरून ओळखली. पार-३, पार-६ आणि पीकेसी-३ ही प्रथिने पुढच्या भागात, तर पार-१ आणि पार-२ मागच्या भागात पेशीपटलालगत राहतात.

निरीक्षणासाठी पार-६ ला लाल आणि पार-२ ला हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेला वाण घ्यावा. एकाच रंगावर भागवू नये, कारण खरी माहिती दोन्ही क्षेत्रांमधील सीमेत असते. प्रौढ उभयलिंगी कृमी बफरच्या थेंबात मधोमध कापला की अंडी बाहेर पडतात. ती २ ते ३ टक्के ॲगरोजच्या पातळ थरावर ठेवून कव्हरस्लिप अलगद टेकवावी आणि कडा व्हॅसलीनने बंद कराव्यात. अंडे दाबले गेले तर त्याच्या कवचाखालील प्रवाह (तो पुढे येतो) बिघडतो, आणि तो बिघाड प्रयोगाचा निष्कर्ष समजण्याची चूक सहज घडते.

अर्धसूत्री विभाजन (अंडपेशीतील गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन) नुकतेच संपलेले भ्रूण निवडावे. त्याआधी ध्रुवकायांजवळ (या विभाजनात बाहेर टाकलेल्या चिमुकल्या पेशींजवळ), म्हणजे बहुधा पुढच्या टोकाला, पार-२ चा फिकट ठिपका थोडा वेळ दिसू शकतो. त्यावरून मागची बाजू ठरवू नये. मागची बाजू शुक्रपेशी ठरवते. सुरुवातीला पार-६ पृष्ठभागावर सर्वत्र असते. शुक्रपेशीबरोबर आलेले सेंट्रोसोम (सूक्ष्मनलिका नावाचे तंतू जिथून निघतात ते केंद्र) ज्या टोकाजवळ असते, तेथे पटलाखालच्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या आकुंचन पावणाऱ्या जाळ्याचा ताण कमी होतो, त्यामुळे जाळे पुढच्या दिशेने ओढले जाते आणि पार-६ ला सोबत नेते. पृष्ठभागावर सुरकुत्या उमटू लागल्या की हा प्रवाह चालू आहे असे समजावे. मोकळ्या झालेल्या जागेत पार-२ चा हिरवा पट्टा उगवतो आणि काही मिनिटांत मध्यापर्यंत सरकतो.

प्रवाह थांबल्यावरही सीमा टिकते, कारण दोन्ही गट एकमेकांना हुसकावून लावतात. पीकेसी-३ हे पार-२ वर फॉस्फेट चढवून त्याला पटलापासून सोडवते, तर पार-१ हेच पार-३ च्या बाबतीत करते. म्हणून ‘ध्रुवता बिघडली’ एवढीच नोंद पुरेशी नाही. ती निर्माणच झाली नाही की निर्माण होऊन टिकली नाही, हे वेगळे लिहावे. आरएनएआयने (जनुकाचा संदेश नष्ट करून त्याचे प्रथिन बनू न देण्याच्या तंत्राने) पार-२ काढले तर पार-६ आधी पुढे सरकते, पण नंतर मागे पसरत येते, म्हणजे बिघाड टिकवण्यात आहे. पार-६ काढले तर पार-२ सगळीकडे पसरते आणि पुढे दोन्ही पेशी जवळपास सारख्या होतात. शेवटचेच चित्र घेणाऱ्याला हा फरक कळत नाही, म्हणून मी सलग चित्रमालिकेचाच आग्रह धरतो. मात्र प्रकाशाची तीव्रता कमीत कमी ठेवावी, नाहीतर भ्रूण मध्येच थांबते.

मायोसिन काढल्यावर प्रवाह बंद पडतो, तरी सेंट्रोसोमजवळ पार-२ चा छोटा पट्टा उशिरा दिसू शकतो. सेंट्रोसोममधून निघणाऱ्या सूक्ष्मनलिका पार-२ ला पीकेसी-३ पासून संरक्षण देतात, हे त्यामागचे कारण. तो पट्टा दिसला म्हणून मायोसिन पुरेसे काढले गेले नाही असे लगेच मानू नये, आधी सुरकुत्या खरोखर नाहीत ना हे तपासावे.

मोजमाप करताना भ्रूणाच्या परिघावर दोन्ही रंगांची तीव्रता नोंदवून सीमेची जागा परिघाच्या टक्क्यांत मांडावी. वेळ मात्र घड्याळाऐवजी पूर्वकेंद्रकांची (अंडपेशी व शुक्रपेशी यांच्या केंद्रकांची) भेट आणि तर्कूची (गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या तंतूंच्या रचनेची) जुळणी अशा टप्प्यांवरून मोजावी, कारण तापमान थोडे बदलले तरी विकासाचा वेग बदलतो आणि दोन भ्रूणांची मिनिटे एकमेकांशी जुळत नाहीत.